शंभराला नव्याण्णव आटे

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, त्याआधी त्यांनी माझी स्कूटर पाहिली.

लग्नाचं विचारायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट. स्कूटर दाराशी लावतोय तोवर एक ठेंगणी, घट्ट बांध्याची बाई पायऱ्या उतरून आली. तिच्या कमरेला साखळी होती आणि साखळीत किल्ल्या अडकवाव्यात तसा लांबट नटांचा जुडगा होता. माझ्याकडे न बघता ती खाली वाकली, स्कूटरच्या नंबरपाटीचा बोल्ट फिरवून काढला, जुडग्यातला एक नट निवडला आणि चिमटीनं त्यावर चढवायला लागली. चार-पाच फेरे गेला आणि नट अडकला.

"नापास," ती बाई म्हणाली. मग बोल्ट माझ्या हातात ठेवून म्हणाली, "या. आत या. चहा घेता ना?"

मी हबकलो. हे मला उद्देशून होतं की बोल्टला, हे मी बायकोला आजतागायत विचारतो आहे. ती म्हणते बोल्टला. पण सांगताना हसते.

सासूबाई कारखान्यात चेकर होत्या. कारखाना लेथ यंत्रं बनवायचा, आणि लेथसाठी लागणारे नट-बोल्टही. सगळे त्यांना चेकरबाई म्हणत, आणि पाठीमागे नापासबाई. तयार झालेला प्रत्येक बोल्ट त्यांच्या टेबलावरून जायचा. नट बोटांच्या चिमटीनं, जोर न लावता, शेवटापर्यंत गेला तर बोल्ट उजव्या पेटीत. अडला तर डाव्या पेटीत, आणि ज्यानं तो केला त्या टर्नरकडे एक नजर. ती नजर खाल्लेले टर्नर सांगतात की त्यापेक्षा पगार कापलेला परवडला.

ही सवय त्यांना घरीही सुटत नसे. नवीन पंखा आला की आधी त्याचे बोल्ट काढून बघायच्या. शिवणयंत्र आलं तेव्हा ते जोडणारा माणूस बाहेर ओट्यावर बसून होता आणि आत यंत्र उघडून पडलं होतं. बाहेरून आलेली एकही वस्तू त्यांच्या नटाला कधी उतरली नाही. आणि याचं त्यांना नवल तर नाहीच, उलट समाधान वाटायचं.

"बाहेरचे लोक," त्या म्हणायच्या, "बिचारे करतात आपले कसेतरी."

मी बाहेरचा होतो. मी चहा पीत बसायचो.

ते नट थोरल्यांनी स्वतःच्या हातानं केलेले होते. थोरले म्हणजे कारखान्याचे मूळ पुरुष. त्यांचं पूर्ण नाव फाटकावर लोखंडी अक्षरांत आहे, पण गावात ते कुणी घेत नाही. नुसतं थोरले म्हणायचं आणि आवाज जरा खाली आणायचा. थोरल्यांनी गावातला पहिला लेथ घडवला. लेथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडाचा दांडा गरगर फिरवत ठेवायचा आणि त्याला पोलादी हत्यार टेकवून हवा तसा तासून घ्यायचा, असं ते यंत्र. त्याच्यावर आटे पाडायचे तर हत्यार अगदी एकसारख्या चालीनं पुढे सरकायला हवं, आणि ते सरकवतो यंत्राच्या पोटाशी बसवलेला एक लांबलचक आट्यांचा दांडा. म्हणजे आटे पाडायला आधी आटे लागतात. मग सगळ्यात पहिला दांडा आणायचा कुठून?

थोरल्यांनी तो हातानं केला. कागदावर तिरप्या रेघा आखल्या, कागद खळ लावून दांड्याभोवती गुंडाळला आणि रेघेरेघेनं कानस चालवली. अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्या दांड्यावर पहिला लेथ उभा राहिला, पहिल्या लेथवर दुसऱ्याचा दांडा कातला, दुसऱ्यावर तिसऱ्याचा. आज गावातला एकूण एक लेथ त्या दांड्याचा नातू, पणतू नाहीतर खापरपणतू आहे. कारखान्यात मोजपट्ट्याही बनत, आणि त्यांच्यावरच्या रेघाही थोरल्यांच्या दांड्याच्या चालीनंच आखलेल्या. गावातल्या सुताराकडे तीच पट्टी, शिंप्याची टेप त्या पट्टीवरून आखलेली, दवाखान्यात उंची मोजायचा खांबही तसाच.

गाव आपल्या मापाबद्दल फार काटेकोर होतं. बाहेरून कापड आणलं की घरी मोजून बघायचं, आणि ते दर वेळी जरासं कमी भरायचं. बाहेरचे दुकानदार लबाड, यावर गावात दुमत नव्हतं. दोन पिढ्या ही लबाडी सहन करून गावाला एक प्रकारचा मोठेपणा आला होता. मी स्वतः त्या दवाखान्याच्या खांबाला एकदा उभा राहिलो, तर माझी उंची बोटभर कमी भरली. लग्न झाल्यावर माणूस खचतो असं ऐकलं होतं, ते इतकं शब्दशः खरं असेल याची कल्पना नव्हती.

माझे सासरे त्याच कारखान्यात रंगारी. तयार लेथना करडा रंग द्यायचा, त्यात किंचित निळा मिसळायचा, ही मिसळण त्यांची स्वतःची. स्वभावानं इतके शांत, की त्यांचं बोलणंही रंगासारखं वाळायला ठेवावं लागायचं. आपण सकाळी काही विचारावं आणि त्यांनी जेवताना उत्तर द्यावं. सासूबाई बोलायच्या आणि ते ऐकायचे, आणि अशा रीतीनं त्यांचा संसार अतिशय सुखाचा चालला होता.

या घरात एकच विषय वर्ज्य होता. तो बायकोनं मला लग्नानंतर, दार लावून सांगितला.

"आईसमोर मामाचा विषय काढायचा नाही."

"तुला मामा आहे?" मी चाट पडलो. लग्नात तिच्याकडची इतकी माणसं जेवून गेली, त्यात मामा नव्हता.

आहे म्हणाली. आईचा धाकटा भाऊ. आई त्याला बारक्या म्हणायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा सासूबाईंनीच त्याला वाढवलं, थोरल्यांच्या हातापाया पडून कारखान्यात चिकटवलं. पोरगा हुशार निघाला. थोरल्यांनी त्याला काम शिकायला बाहेर धाडलं. परत आला तो काखेत फडक्यात गुंडाळलेला आट्यांचा एक नवा दांडा घेऊन. तो त्यानं आपल्या लेथला लावला आणि आठवडाभर खपून पेटीभर बोल्ट केले. पेटी बहिणीच्या टेबलावर आली. सासूबाईंना चेकर होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सगळा कारखाना बघत होता, बहीण भावाचा माल कसा तपासते ते. त्यांनी एकेक बोल्ट उचलला, नट लावला. अडला. दुसरा. अडला. पेटी संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शेवटचा बोल्टसुद्धा डावीकडे गेला. थोरले दारात उभे होते. वळून ऑफिसात गेले.

"ताई, पुन्हा एकदा बघ," मामा म्हणाला होता.

"बाहेर जाऊन हेच शिकलास का?" सासूबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मामानं गाव सोडलं. बायको तेव्हा पाळण्यात होती. सासूबाईंनी नंतर त्याचं नाव घेतलं नाही. मात्र घरात काही चांगलं शिजलं की त्या पातेल्यातलं थोडंसं झाकून बाजूला ठेवत आणि सकाळी मुकाट्यानं कुत्र्याला घालत. हे मीही पाहिलं होतं. मला वाटायचं त्यांना कुत्रा आवडतो.

थोरले गेले, मुलगा गेला, कारखाना नातवाकडे आला. या नातूमालकांनी, सासूबाईंच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, बाहेरून एक नवं यंत्र आणलं. काचेच्या कपाटासारखं दिसणारं, आपलं आपण आटे पाडणारं. कारखान्यानं त्याच्याभोवती गर्दी केली. यंत्रानं घाम न गाळता पेटीभर बोल्ट केले. पेटी सासूबाईंच्या टेबलावर गेली.

सगळेच्या सगळे डावीकडे.

यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर पार गोंधळून गेला. त्यानं यंत्र उघडलं, बंद केलं, फोन केले, पुन्हा उघडलं. पुन्हा पेटीभर बोल्ट, पुन्हा डावीकडे. शेवटी तो घाबरत घाबरत म्हणाला, "बाई, तुमचा नट एकदा तपासून घेतला तर?"

एका म्हाताऱ्या टर्नरनं त्याला कोपराला धरून बाजूला नेलं आणि पाणी पाजलं.

त्या रात्री सासूबाईंचा मला फोन आला. मी बाहेरच्या, म्हणजे मोठ्या शहरात राहतो आणि कामाच्या निमित्तानं माझं फिरणं होतं. त्या म्हणाल्या, "जावई, तुम्ही जिथे जिथे जाल तिथून एकेक बोल्ट आणि नट आणा. त्या नव्या यंत्रावर झाले त्याच मापाचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या गावचे. आणि दुकानदाराला फसू नका."

"कशाला आई?"

"त्या इंजिनिअर पोराला दाखवायचं आहे. बाहेरचे लोक कामात ढिले. ढिलं काम प्रत्येकाचं वेगळं असतं. यांचा नट त्याच्या बोल्टला बसणार नाही, त्याचा याला नाही. तेव्हा कळेल त्याला, माप कशाला म्हणतात."

विचार अगदी बिनतोड होता. हे मी आजही म्हणेन. चूक माणसागणिक वेगळी असते, हे ज्याला कळलं त्याला बरंच कळलं.

महिनाभर मी नट-बोल्ट गोळा केले. माझे खिसे फाटले. विमानतळावर मला बाजूला घेऊन विचारपूस झाली आणि सासूबाईंसाठी नेतो आहे असं सांगितल्यावर त्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मग एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पिशवी रिकामी केली. सासरे कोपऱ्यात सुपारी कातरत होते.

सासूबाईंनी चष्मा लावला. एका कंपनीचा बोल्ट उचलला, दुसऱ्या कंपनीचा नट. चिमटीनं फिरवला.

नट शेवटापर्यंत गेला.

"योगायोग," त्या म्हणाल्या. तिसरा उचलला. शेवटापर्यंत. समुद्रापलीकडच्या एका देशातला बोल्ट होता, त्याला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला नट लावला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. आता त्यांचे हात भरभर चालू लागले. हा त्याला, तो याला. टेबलावरचं सगळं जग एकमेकांत बसत होतं. मग त्यांनी जुडग्यातला आपला नट काढला. तो एकालाही बसेना. चार-पाच फेरे, आणि अडला. चार-पाच फेरे, आणि अडला.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे दिसले.

"सगळे एकच चूक कशी करतील?" त्या म्हणाल्या. कुणाला विचारलं ते कळलं नाही. सासऱ्यांचा अडकित्ता थांबला होता.

मी धीर करून माझी शहरातली पट्टी आणि त्यांची कारखान्याची पट्टी शेजारी शेजारी ठेवली. सुरुवातीला रेघा जुळत होत्या. मग हळूहळू सरकायला लागल्या. शेवटाला पोचेपर्यंत फरक डोळ्यांना दिसण्याइतका झाला. जगाचे शंभर आटे जेवढ्या लांबीत बसतात, तेवढ्यात थोरल्यांचे नव्याण्णवच बसत होते. बस, एवढंच. खळीनं ओला झालेला कागद किंचित ताणला गेला असणार. त्या ताणलेल्या कागदावरून थोरल्यांनी उन्हाळाभर जिवाचं रान करून कानस चालवली, आणि तो ओला कागद गावातल्या प्रत्येक यंत्रात, प्रत्येक पट्टीत, प्रत्येक शर्टाच्या बाहीत जाऊन बसला. मी खचलो नव्हतो. मी पहिल्याइतकाच उंच होतो. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, पण सासूबाईंचा चेहरा बघून मी माझी पट्टी मागे घेतली.

सासूबाई पट्ट्यांकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"बारक्याचा माल बरोबर होता," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच थिजली.

"पेटी भरून बोल्ट. एकही चुकलेला नव्हता. आणि मी त्याला विचारलं, हेच शिकलास का." त्या उठल्या, पुन्हा बसल्या. "कुठे असेल तो? असेल ना?"

तेव्हा कोपऱ्यातून, विचारल्या विचारल्या, वाळायला न ठेवता, सासऱ्यांचं उत्तर आलं.

"शहरात. बस स्टँडच्या मागे दुसरी गल्ली. हिरवं शटर आहे. खालून रंग उडालाय थोडा."

मी सासऱ्यांकडे बघतच राहिलो. रंग उडाल्याचं त्यांना कसं ठाऊक? पण सासूबाई इतक्या सुन्न होत्या की तो प्रश्न त्यांना तेव्हा पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन निघालो. बसमध्ये त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी एक-दोन विनोद करून पाहिले. दुसऱ्या विनोदाला पुढच्या सीटवरचा माणूस हसला, म्हणून मी थांबलो.

शटर हिरवं होतं आणि खालून रंग उडालेला होता. अरुंद दुकान, तेलाचा वास, जमिनीवर लोखंडाचा कुरळा कीस. आत लेथवर वाकलेला एक जाड, टकला माणूस काम करत होता. त्यानं मान वर केली. लेथ बंद केला. पट्टा थांबेपर्यंत दोघं नुसती एकमेकांकडे बघत राहिली.

"ताई," तो म्हणाला.

"किती जाडा झालास," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी फडक्यानं स्टूल पुसलं. त्या बसल्या नाहीत. वाटेत पाठ केल्यासारख्या त्या एका दमात बोलल्या, "तुझा माल बरोबर होता. माझा नट चुकीचा होता. थोरल्यांचा दांडाच चुकीचा आहे. मला काल कळलं. मी सगळ्यांसमोर तुला..."

"मला माहीत आहे," मामा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दांडा चुकीचा आहे ते. तेव्हापासूनच."

सासूबाईंनी आधारासाठी हात टेकला, तो नेमका लेथवर. मग त्या हाताखाली काय आहे तिकडे त्यांचं लक्ष गेलं. करडा रंग, त्यात किंचित निळा. त्यांनी खाली वाकून यंत्राचा पाय बघितला, मागची बाजू बघितली.

"हा आपल्या कारखान्यातला लेथ आहे."

"हो."

"हा रंग यांच्या हातचा आहे."

"भाऊजींनीच दिला. तेच घेऊन आले होते टेम्पोतून. अधूनमधून येतात. शटरही तेच रंगवतात, पण अलीकडे गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून खालचं राहिलं."

मी आयुष्यात बऱ्याच माणसांना धक्का बसलेला पाहिला आहे. लोक ओरडतात, रडतात, कुणी हसतातही. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी अगदी हळू आवाजात, ऑफिसात चौकशी करावी तसं विचारलं, "अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

मग मामांनी सांगितलं. गाव सोडून वर्ष झालं असेल, तेव्हा थोरले स्वतः त्यांना शोधत आले होते. शहरात मामा एका गॅरेजमध्ये पडेल ते काम करत होते. थोरल्यांनी त्यांना एक बोल्ट करायला लावला, खरा, बाहेरच्या मापाचा. हातात धरून बराच वेळ बघितला. म्हणाले, हा बरोबर आहे, चुकलाय तो माझा दांडा. मला तू पेटी आणलीस त्याच दिवशी कळलं. पण आता गाव माझ्या दांड्यावर उभं आहे रे. किती यंत्रं विकली, किती घरं चालतात. तू कुणाला सांगू नकोस. मामांनी शब्द दिला. मग थोरल्यांनी हा जुना लेथ पाठवून दिला.

"लेथ का?" मी न राहवून विचारलं.

मामा माझ्याकडे वळले. "तुम्ही जावई का? बरं. अहो, थोरल्यांची यंत्रं जगभर गेलीत. बोल्ट तुटला की त्यांना दुसऱ्या कुणाचा बसतो का? सगळीकडून शोधत माणसं येतात ती इथे. अख्ख्या शहरात हा चुकीचा बोल्ट कुणाला करता येत नाही. मला येतो. चांगलं चाललंय माझं. मुलांची शिक्षणं झाली त्याच्यावर." ते जरा थांबले. "बरोबर माल केला म्हणून हाकललं, आणि चुकीचा माल करून घर बांधलं. आहे की नाही गंमत."

मी हसलो. सासूबाई हसल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या. "त्यांनी नाही, तू नाही, यांनी नाही. घरात माझ्या शेजारी बसून जेवतात हे."

"ताई, राग येईल तुला."

"आता काय उरलंय यायचं?"

"थोरले म्हणाले, गावातला कोणताही माणूस हे गिळून गप्प बसेल. तुझी बहीण बसणार नाही. तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी ती कारखाना बंद पाडेल." मामा खाली बघून बोलत होते. "मी त्यांना सांगितलं, खरं आहे."

एक गिऱ्हाईक तुटका बोल्ट घेऊन दारात आलं, आतला रागरंग बघून आल्या पावली परत गेलं.

"म्हणजे कारखाना वाचला," सासूबाई म्हणाल्या, "आणि भाऊ गेला. हा हिशोब थोरल्यांनी केला. आणि तुम्ही दोघांनी तो मान्य केलात." त्या उठल्या. "हात धू. चल."

"कुठे?"

"सगळ्यांसमोर बोलले होते. सगळ्यांसमोरच सांगायला हवं."

"अगं, त्यातले अर्धे मरून गेले आता."

"उरलेल्या अर्ध्यांना सांगते."

मामांनी कुरकुर केली. दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, शब्द दिलाय. पण मी बघत होतो, ते बोलत असतानाच त्यांनी नळाखाली हात धरले होते आणि कोपरापर्यंत साबण लावत होते. बहिणीनं हात धू म्हटलं की धुवायचे, एवढी जुनी सवय बोलण्यानं थांबत नसावी.

आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा दुपारच्या पाळीची माणसं येत होती आणि सकाळची निघत होती, म्हणजे एकाच वेळी दोन्ही पाळ्या हजर. सासूबाई आपल्या टेबलापाशी गेल्या. मामा त्यांच्या मागे, अंग चोरून. म्हाताऱ्या टर्नरनं मामांना ओळखलं आणि त्याच्या हातातली चहाची किटली कलंडली.

"ऐका," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आवाज चढवावा लागला नाही. "हा माझा भाऊ. त्याची पेटी मी नापास केली होती. ती पेटी बरोबर होती. चूक माझी."

नातूमालक ऑफिसाच्या दारात आले होते, थेट तिथेच जिथे थोरले उभे राहिले होते म्हणतात. त्यांना सगळं कळायला मिनिटभर लागलं असेल. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, आत येऊन बोलू का आपण?"

"आत बोलूनच तर हे असं झालं."

म्हातारा टर्नर पुढे आला. चाळीस वर्षं थोरल्यांच्या दांड्यावर बोल्ट कातलेला माणूस. "बाई," तो म्हणाला, "त्याचे बरोबर होते तर मग आमचे?"

सासूबाईंना तो प्रश्न येणार हे माहीत असणार. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातांकडे बघितलं, मग भावाकडे.

"चुकीचे," त्या म्हणाल्या. "तुझे हात नाहीत. तुझे हात सोन्याचे आहेत. दांडा चुकीचा आहे, आणि मला ते तीस वर्षांत कळलं नाही. माझ्या टेबलावरून हा माल आता पुढे जाणार नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग तो आपल्या लेथपाशी गेला आणि त्यानं बटण दाबून तो बंद केला. शेजारच्यानं आपला बंद केला. मग त्याच्या शेजारच्यानं. रांगेनं एकेक आवाज कमी होत गेला, आणि शेवटी मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ वाजतं हे त्या कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं, असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं.

"बघ," मामा हळूच म्हणाले. "बंद पाडलास ना."

नातूमालकांनी कपाळाला हात लावला होता. तो शांत कारखाना पुन्हा सुरू व्हायला पुढे बरेच महिने गेले. नवे दांडे आले, जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांसाठी मामांशी रीतसर करार झाला, आणि गावातल्या लोकांची उंची एका रात्रीत वाढली, ती सगळी हकीकत वेगळी आहे. त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं आपापल्या यंत्रापाशी उभी होती आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

सासूबाई बाहेर येऊन फाटकाच्या पायरीवर बसल्या. मामा शेजारी बसले. पायरी दोघांना अपुरी होती, त्यामुळे त्यांना टेकूनच बसावं लागलं. मी जरा लांब उभा राहिलो, पण कान तिकडेच होते, लपवत नाही.

"काय केलं हे मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुला जे येतं ते."

"भीती वाटतेय रे बारक्या."

मामांनी बहिणीचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. रंगाच्या खोलीचं दार उघडलं आणि सासरे बाहेर आले, हातात ओला ब्रश तसाच. कारखाना बंद झाल्याचं त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. पायरीवर बसलेली दोघं दिसली तसे ते जागच्या जागी थांबले. एक पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं.

"भाऊजींना बोलाव की," मामा म्हणाले. "घाबरलेत ते."

"घाबरू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी तू सांग. वहिनी कशी आहे? मुलं काय करतात? सगळं सांग, पहिल्यापासून. मला कुठेही जायचं नाही."